पावसाळ्यात कुत्र्याच्या पिल्लाला बाहेर शी-शू करायची सवय कशी लावायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावात अनगोळला बसकं घर, मागे छोटं परडं, अडीच महिन्यांचं मुधोळ जातीचं पिल्लू आणि आषाढातला पाऊस. बाहेर नेलं की ते काही न करता थरथरत उभं राहतं, आत आणलं की सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, मुततं. सासूबाईंचं म्हणणं, त्याचं तोंड त्यात घासा आणि एक फटका द्या, परत करणार नाही.

सासूबाईंचा मान राखून सांगते, फटका नको. पिल्लाने सोप्यात केलं आणि तुम्ही दोन मिनिटांनी येऊन मारलंत, तर त्या माराचा मुताशी संबंध त्याला लागत नाही. रंगेहाथ सापडलं आणि मारलंत तर संबंध लागतो, पण भलताच: या बाईसमोर करायचं नाही. मग ते दिवाणाखाली, कपाटामागे जाऊन करायला लागतं आणि बाहेर दोरी धरून तुम्ही शेजारी उभ्या असलात की दाबून धरतं. मुधोळ जात तर आवाज चढवला तरी बिचकते, मार दूरच. करताना दिसलं तर टाळी वाजवून थांबवा, उचला आणि जागेवर नेऊन ठेवा, एवढंच.

बाहेर काही न करता आत येऊन करतं यात खोडी नाही. मुधोळच्या अंगावर केस आखूड, चरबी नावाला. अंगावर पाऊस पडला की त्याचं सगळं चित्त तिथून सुटण्याकडे. आत ऊब मिळाली, अंग सैल पडलं की होऊन जातं. आपल्याकडे आषाढ-श्रावणात झड लागली की माणूससुद्धा परड्यात जायचा कंटाळा करतो, ते तर एवढंसं पोर.

तेव्हा ‘घरात करायचं नाही’ हे शिकवण्याच्या मागे लागू नका, ‘इथे करायचं’ हे शिकवा. या वयात पिल्लू दोन गोष्टींवर जागा ठरवतं: पायाखाली काय लागतं आणि वास कसला येतो. म्हणून पाऊस आहे तोवर कोरडी माती त्याच्याजवळ आणायची. मागच्या दारी पत्र्याखाली जिथे झड पोचत नाही तिथे पसरट प्लॅस्टिकचा ट्रे किंवा फळ्यांची चौकट ठेवा, पिल्लाला त्यात गोल फिरता येईल एवढी. तीन-चार बोटं लाल माती भरा. त्याची शू पुसलेलं फडकं धुऊ नका, त्याचा एक तुकडा त्या मातीत पुरा. शी रोज उचलायची, वरची ओली माती काढून नवी टाकायची, पण थोडा वास राहू द्यायचा. दसऱ्याच्या सुमाराला पाऊस ओसरला की तो ट्रे रोज थोडा थोडा परड्याच्या कोपऱ्याकडे सरकवा, शेवटी माती तिथेच ओता आणि ट्रे काढून टाका.

माती मात्र आपल्या परड्यातलीच घ्या, रस्त्याकडेची नको. पार्वो म्हणजे पिल्लांना उलट्या-ढाळ लावणारा जीवघेणा रोग, त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो आणि तुमच्या पिल्लाचं लसीकरण अजून अर्ध्यावर असणार. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यावे लागतात. तोवर भटकी कुत्री फिरतात तिथे त्याला खाली सोडू नये. उचलून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत खुशाल न्या, माणसं आणि गाड्या बघू द्या. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर, ती चुकवू नका. तुमच्या परड्यात आधी एखादं कुत्रं पार्वोने गेलं असेल तर तिथलीही माती नको, नर्सरीतून आणा.

वर्तमानपत्र अंथरायचा सल्ला तुम्हाला दहाजण देतील. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा नाइलाज असतो, पण परडं असताना मी ते करणार नाही. कागदावर शिकलेलं पिल्लू कागदच शोधतं, मग सासऱ्यांनी खुर्चीखाली ठेवलेला आजचा पेपर असो की मुलांची वही. खानापूरकडच्या माझ्या माहेरच्या गावात उलटी अडचण: जमीन सारवलेली, त्यामुळे पिल्लाला अंगण आणि सोपा पायाखाली सारखेच लागतात. तिथे लोक सुरुवातीचे महिने त्याला उंबऱ्याच्या आत मोकळं सोडतच नाहीत आणि ते बरोबरच आहे. तुम्हीही पूर्ण घर देऊ नका. आधी एक खोली, ती जमली की दुसरी. तुमची नजर नसेल तेव्हा दोरीने स्वतःच्या जवळ ठेवा.

आता वेळ. साधारण हिशोब असा, की पिल्लू जितक्या महिन्यांचं त्यात एक मिळवा, जास्तीत जास्त तेवढे तास ते धरू शकतं. म्हणजे तुमचं तीन-साडेतीन तास, तेही स्वस्थ असेल तर. जागं आणि खेळत असेल तर तासाच्या आतच न्यायला हवं. झोपून उठलं की लगेच, खेळ थांबला की लगेच, खाल्ल्यावर पाच मिनिटांपासून अर्ध्या तासात. पोट भरलं की आतडी हलतात, त्यामुळे जेवणाच्या वेळा ठरलेल्या असल्या की शीची वेळही ठरते. दिवसभर पुढ्यात दूधभाताची वाटी ठेवलीत तर काहीच ठरत नाही. शिवाय गाईम्हशीच्या दुधाने पुष्कळ पिल्लांना ढाळ लागते आणि पातळ शी कोणतंच पिल्लू धरू शकत नाही. हुंगत हुंगत गोल फिरू लागलं, खेळता खेळता एकदम कोपऱ्याकडे निघालं, की उचला.

पाणी दिवसा तोडू नका. रात्री झोपायच्या तासभर आधी वाटी उचलली तर चालेल. त्याचं अंथरूण तुमच्या खोलीतच असू द्या, कुंईकुंई ऐकू आली पाहिजे. रात्री उठून नेलंत तर न बोलता, दिवे न लावता न्या आणि परत आणा, नाहीतर त्याला खेळायची वेळ झाली असं वाटतं.

ट्रेवर केलं की दोन-तीन सेकंदांत तिथेच खाऊ द्या, घरात परत आल्यावर नाही. उकडलेल्या चिकनचा कण, नाहीतर पनीर, तेही नसेल तर भाकरीचा तुकडा. कुंदा, आपली खव्याची मिठाई, नको, कितीही लाडाने वाटलं तरी. बेदाणे, कांदा, चॉकलेट तर अपायकारकच. हे खाऊचं काम सासूबाईंकडेच सोपवा. त्या पहाटे उठत असणारच, पहिली फेरी त्यांची. त्यांच्या हातून खाऊ मिळू लागला की पिल्लू त्यांच्याच मागे फिरेल आणि फटक्याचा विषय आपोआप मागे पडेल. घरात मराठी, कामवाल्या मावशी कन्नड, मुलं इंग्रजी असं असेल तर करायला सांगायचा शब्द सगळ्यांनी मिळून एकच ठरवा.

फरशी पुसण्याबद्दल. फिनेल टाकून आपल्या नाकाला वास लपतो, त्याच्या नाही. अमोनिया असलेलं काहीही वापरू नका, त्याचा वास मुतासारखाच. व्हिनेगर वापरा असं सगळीकडे वाचाल, पण शहाबादी किंवा कडप्पा असेल तर नको, तो चुनखडीचा दगड, आंबट पदार्थाने त्याची झिलई जाते. आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्या, मग एन्झाइमवाली कपड्यांची पावडर कोमट पाण्यात कालवून थोडा वेळ राहू द्या आणि साध्या पाण्याने पुसा. फरश्यांच्या सांध्यांत मुरतं तिथे जास्त वेळ.

गणपतीत मागे जाईल, तयारी ठेवा. आपल्याकडे विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, ढोल आणि फटाक्यांनी पिल्लं घाबरून घरात करतात. तेव्हा पहिल्यापासून, परत एका खोलीपासून. सासरे आले की जमिनीला चिकटून थेंबथेंब मुतत असेल तर ती भीतीची शू, सवयीची नाही. वाकून अंगावर जाऊ नका, लक्षच देऊ नका, वयाने जाते.

सारखं थेंबथेंब होत असेल, रक्त दिसलं, कुंथत असेल तर शिकवणी थांबवून गुरांच्या दवाखान्यात दाखवा. उलट्या आणि ढाळ एकदम सुरू झाली तर त्याच दिवशी न्या, उद्यावर टाकू नका.

किती दिवस लागतील, हेही विचारलंत. सहा महिन्यांचं होईपर्यंत अधूनमधून सोपा पुसावा लागेल असं धरून चला. नर असेल तर त्यानंतर तंगडी वर करून दिवाणाच्या पायावर खूण करायला लागेल. ती अडचण निराळी, नसबंदीबद्दल तेव्हा डॉक्टरांशी बोला.