पिकअपला ट्रेलर जोडला की मागचा भाग डोलतो, टायरमध्ये हवा किती ठेवू?

मागच्या चाकांत ‘फुल लोड’ची हवा भरा, पुढच्या चाकांतही तिथे लिहिली असेल तेवढीच, दोन्ही आकडे ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतात. ट्रेलरचा हुकवरचा भार मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे पडतो, म्हणून मागची चाकं दबतात आणि पुढची हलकी होतात. त्यात हवा कमी असेल तर टायरची बाजू जमिनीलगत फुगते, वळणावर लचकते आणि स्टिअरिंग फिरवल्यावर मागचा भाग क्षणभर उशिरा वळतो. टायर तापतो ते वेगळंच. भरल्या गाडीचे टायर फुटतात ते बहुतेक यानेच. हवा सकाळी, निघण्याआधी, थंड टायरवर मोजा. चालून आल्यावर ४-५ पीएसआय जास्त दिसेल, ती कृपा करून काढू नका. टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या वर मात्र कधीच जाऊ नका. ट्रेलरचे टायरही तपासा, तिकडे कुणी बघतच नाही.

एक लक्षात घ्या: ट्रेलर एका अ‍ॅक्सलचा असेल तर त्याच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकवर यायला हवा. जड माल मागे भरला असेल, तर हवा कितीही नीट ठेवा, डोलणं थांबणार नाही. आधी माल पुढे सरकवा.