अटकेचा अधिकार नसलेली वर्षं

प्रिय लेकी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आयपीएस मिळाल्याचा आनंद तुझ्या आईइतकाच मलाही झाला. शेवटी तू विचारलंस, "काका, नोकरी नीट केली तर पुढे राज्यपालसुद्धा होता येतं ना?"

होता येतं. पण ती बढती नव्हे. राज्यघटनेच्या 157 व्या कलमात पात्रता दोनच: भारतीय नागरिकत्व आणि पूर्ण झालेली 35 वर्षं. नेमणूक राष्ट्रपती करतात, म्हणजे व्यवहारात केंद्र सरकार. तुझी पदकं आणि सेवाज्येष्ठता तिथे हक्क म्हणून मांडता येत नाहीत.

ई. एस. एल. नरसिंहन यांची कारकीर्द बघ. 1968 च्या आयपीएस तुकडीचे, आंध्र प्रदेश केडरचे. पुढे आयबीत, म्हणजे केंद्राच्या गुप्तचर खात्यात गेले आणि तिथले संचालक म्हणून निवृत्त झाले. 2007 मध्ये छत्तीसगडचे राज्यपाल झाले आणि 2009 च्या डिसेंबरअखेर, वेगळ्या राज्याच्या मागणीवरून तेलंगण पेटलेलं असताना, त्यांना आंध्र प्रदेशचे राज्यपाल म्हणून हैदराबादला धाडलं गेलं. तिथे ते 2019 पर्यंत राहिले.

लोक म्हणतात, आयबीवाल्याला सगळ्यांची अंडीपिल्ली ठाऊक, म्हणून नेमतात. असेलही. मला मात्र दुसरीच गोष्ट मोठी वाटते. आयबीला अटकेचा अधिकार नाही. माहिती काढायची, पारखायची, निर्णय घेणाऱ्यापुढे ठेवायची आणि मागे सरायचं. ठाण्यात वाढलेल्या माणसाला हे फार जड जातं. बिलोलीला फौजदार होतो, तिथून माझी बदली माहिती काढणाऱ्या जिल्हा विशेष शाखेत झाली. उद्याच्या मोर्चात दगड कोण उचलणार हे मला आदल्या रात्री माहीत असायचं आणि मी फक्त अहवाल लिहायचो. हात शिवशिवायचे. पण शब्द तोलायला मी तिथेच शिकलो.

राज्यपालाचंही बरंचसं असंच असतं. 163 व्या कलमाप्रमाणे तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. नरसिंहन यांच्या बाबतीत 1 मार्च 2014 ला हे उलटं झालं. मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला होता, राष्ट्रपती राजवट लागली आणि अख्ख्या राज्याचा कारभार त्यांच्याकडे आला. त्याच काळात निवडणुका झाल्या, आंध्र प्रदेशातून तेलंगण वेगळं होणार होतं म्हणून कर्मचारी, फायली, मालमत्ता यांच्या वाटणीची तयारीही चालू होती. 2 जूनला त्यांनी तेलंगणचे मुख्यमंत्री म्हणून चंद्रशेखर राव यांना शपथ दिली, 8 जूनला आंध्रचे म्हणून चंद्राबाबू नायडूंना, आणि पुन्हा मागे सरले. 2019 पर्यंत राज्यपाल एक, राज्यं दोन!

त्यात विभाजन कायद्याचं कलम 8. हैदराबाद तेव्हा दोन्ही राज्यांची संयुक्त राजधानी होती आणि तिथे राहणाऱ्यांच्या जीविताची, स्वातंत्र्याची, मालमत्तेची विशेष जबाबदारी राज्यपालांवर होती. तेलंगणच्या मंत्रिमंडळाशी सल्लामसलत करायची, निर्णय मात्र स्वतःचा. 2015 मध्ये दोन सरकारांत फोन टॅपिंगच्या आरोपांवरून जुंपली तेव्हा हे कलम वापरा म्हणून आंध्रने जोर लावला. हैदराबादचे पोलीस तरी तेलंगण सरकारच्याच हाताखाली राहिले. जन्मभर पोलिसात काढलेल्या माणसाच्या हातात असं कलम असणं ही केवढी कसोटी, याचा मी अनेकदा विचार केला आहे.

तरी एक गोष्ट मला खुपते. केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाने राज्यपाल कसा असावा हे लिहून ठेवलं: नामवंत, राज्याबाहेरचा, स्थानिक राजकारणात न गुंतलेला. राज्यपालपद घेण्याआधी निवृत्त अधिकाऱ्याने किती काळ थांबावं, हे कुठल्याच कायद्याने बांधलेलं नाही. म्हणून ही आशा तू आत्तापासून मनात धरू नकोस, असं कळकळीने सांगतो. पुढे काही मिळेल म्हणून अहवालातला एखादा शब्द मऊ केलास, तर तो कोणाच्या लक्षातही येणार नाही. दंगलीत कोणाचं तरी घर मात्र जळेल.

अकादमी हैदराबादलाच आहे. सुटीच्या दिवशी सोमाजीगुड्याला राज्यपालांच्या निवासस्थानावरून एक चक्कर मार. नांदेडहून रात्रीच्या गाडीने मीही येईन, तारीख कळव.

तुझा,
काका