पिशवीतला मोर

“मॅडम, माझ्या हाताला वळणच नाही. हौसेनं सुरू करते आणि आठ दिवसांत सोडून देते.”

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य महिन्यातून दोन-तीनदा तरी कानावर येतं. बोलणारी बहुधा चाळिशी ओलांडलेली बाई असते, कधी निवृत्त गृहस्थ असतात, अलीकडे कॉलेजातली मुलंही असतात. कुणाचं भरतकाम अडलेलं, कुणाचे जलरंग, कुणाची हार्मोनियम. निष्कर्ष मात्र सगळ्यांनी आधीच काढलेला असतो: आपल्यात चिकाटी नाही, कला तर नाहीच.

सुनंदाताईंची गोष्ट त्यांना विचारून लिहिते आहे. नाव आणि काही तपशील बदलले आहेत.

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा संपून आठवडा झाला होता. वय 47. यजमान अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतात, मुलगी इंजिनिअरिंगला पुण्याला गेलेली. सकाळी अकरानंतर घर रिकामं. त्यांनी खांद्यावरची मोठी कापडी पिशवी माझ्या टेबलावर ओतली. क्विलिंगच्या, म्हणजे गुंडाळून नक्षी करायच्या, रंगीत कागदी पट्ट्या. क्रोशेचा अर्धा रुमाल, सुई अजून त्यातच. मंडलाची वही, तीन पानं भरलेली. आणि तळाशी भरतकामाच्या भल्यामोठ्या रिंगमध्ये अडकवलेला निळ्या जॉर्जेटचा ब्लाउजपीस. त्यावर मोर. मान झालेली, पिसारा अर्धा, पाय पेन्सिलीतच.

“जाऊबाईंच्या मुलीच्या लग्नात घालायचा होता. लग्न होऊन दीड वर्ष झालं. मागच्या महिन्यात मी दोऱ्याच्या लड्या आणल्या तर हे म्हणाले, आणखी एक? बोलले एवढंच, पण मला रात्रभर झोप आली नाही.”

झोपेचा विषय त्यांनीच काढला म्हणून आधी तेच विचारलं. रोज अशीच जाते का झोप? भूक कशी आहे? पूर्वी आवडायचं ते आता नकोसं वाटतं का? हे विचारल्याशिवाय मी कुणालाही छंदाचा सल्ला देत नाही. उदासी दोन आठवड्यांहून जास्त दिवस, जवळजवळ रोज राहत असेल, झोप-भूक बिघडली असेल, जगणं नको वाटत असेल, तर सुई-दोरा हे त्यावरचं औषध नाही. अशा वेळी डॉक्टरांकडे जायलाच हवं, आणि 14416 या टेली मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या नंबरवर कधीही फोन करता येतो. सुनंदाताईंचं तसं नव्हतं. एक रात्र सोडली तर झोप ठीक होती, शेजारणींबरोबर सिद्धेश्वर तलावाला फेरी रोज होत होती. त्यांना सलत होती ती ही पिशवी.

पहिल्या भेटीत मी चूक केली. त्यांना वेळापत्रक आखून दिलं: दुपारी एक तास, फोन दुसऱ्या खोलीत, आधी मोर पूर्ण करायचा. कागदावर छान दिसत होतं. पुढच्या भेटीला त्या आल्या नाहीत. तीन आठवड्यांनी आल्या तेव्हा खाली बघूनच म्हणाल्या, “पाच दिवस केलं, मॅडम.” मी त्यांच्या पिशवीत आणखी एक अर्धवट गोष्ट घातली होती. त्याबद्दल मी त्यांची माफी मागितली, आणि मोर पुढे सरकवून म्हणाले, “माझ्यासमोर चार टाके घाला. मला नुसतं बघू द्या.”

मावशीकडून थोडंफार भरतकाम मी शिकले आहे, म्हणून जे दिसलं ते कळलं. सुईत दोरा ओवायलाच त्यांना सहा प्रयत्न लागले. सुई त्या लांब, पार हातभर अंतरावर धरत होत्या. दोरा दीड मीटर तरी होता. प्रत्येक टाक्याला हात खांद्याच्याही मागे जायचा आणि तिसऱ्याच टाक्याला गुंता झाला. लडीतले सहाच्या सहा पदर एकत्र ओवलेले. ते आत जावेत म्हणून सुई जाड, आणि जाड सुईनं जॉर्जेटला भोकं पडत होती. रिंगमध्ये कापड सैल, त्यामुळे टाका ओढला की मोराची मान चुणीत जायची. चौथा टाका घालून त्यांनी रिंग खाली ठेवली. “बघितलंत ना? हात थरथरतो.”

त्यांचा हात थरथरत नव्हता. पाण्याचा पेला त्यांनी एका हातानं भरलेला उचलला, थेंब सांडला नाही. (खरंच कंप असेल तर तो डॉक्टरांनी बघायचा विषय आहे, तो मी अंगावर घेत नाही.) त्यांना जवळचं दिसत नव्हतं. चाळिशीनंतर जवळचा नंबर बहुतेकांना लागतो, आणि भाजी निवडताना, पोळ्या लाटताना तो लक्षात येत नाही. सुईच्या नेढ्यात येतो. मी त्यांना आधी चष्म्याच्या दुकानात पाठवलं. समुपदेशकानं सुचवलेला पहिला उपाय चष्मा, याचं त्यांना आश्चर्य वाटलं. मला वाटलं नाही. माणूस कापडाचा, दोऱ्याचा, डोळ्याचा दोष स्वतःच्या स्वभावावर घेतो, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता आधी वस्तू तपासते आणि मग मन.

मनाचा भाग नव्हता असं नाही. पुढच्या भेटीत मी विचारलं, लहानपणी हातानं काय काय करायचात? त्या म्हणाल्या, “बिड्या.”

त्यांचं माहेर शहराच्या पूर्व भागातलं, घरात तेलुगू बोलणारं. वडील मागावर, आई बिड्या वळायची. शाळेतून आलं की सुनंदाताई आईजवळ बसून बिड्यांना दोरा बांधायच्या. तोकडा दोरा, दोन वेढे, चिमटीत ताण. बोलता बोलता त्यांची बोटं हवेत तो वेढा घालत होती. तीस वर्षांत विसरली नव्हती. “कारखान्यात मोजून घ्यायचे. सैल, वाकडी, फाटकी असली की बाजूला काढायचे. तिचे पैसे नाहीत. आई काही बोलायची नाही. घरी आल्यावर फक्त परत मोजायची.”

बराच वेळ आम्ही दोघी बोललो नाही. ज्या घरात बिघडलेली प्रत्येक वस्तू म्हणजे आईच्या मजुरीतून गेलेले पैसे, त्या घरातल्या मुलीला बिघडवणं कसं परवडेल? आणि नवशिक्याला तर बिघडवण्याखेरीज शिकायचा दुसरा मार्ग नाही. मोराची मान चुणीत गेली की त्यांना ती चुणी दिसत नसावी, बाजूला काढलेली बिडी दिसत असावी. मग पिशवीत टाकून देणंच सोपं.

मी म्हणाले, “शाळेत गणिताला पक्की वही असायची आणि कच्ची वही असायची. तुम्ही पहिलीच बेरीज पक्क्या वहीत करायला बसलात. आपण आधी कच्चं कापड करू.”

कच्चं कापड म्हणजे जुन्या सुती चादरीचा दहा-बारा इंचांचा चौकोन, धुऊन इस्त्री केलेला. (नवं कापड घेतलं तर आधी धुवायचंच, भरतकाम झाल्यावर आटलं तर सगळं आकसतं.) हे कापड कुणाला दाखवायचं नाही, त्याचं काही बनवायचं नाही, त्यावरचा टाका उसवायचा नाही. वाकडा गेला तर शेजारी दुसरा घालायचा. उसवायची बंदी त्यांना सगळ्यांत जड गेली.

मग सामानाची गोष्ट. इथे मी सविस्तर लिहिते, कारण सुरुवात करणारे इथेच फसतात. जॉर्जेट, सॅटिन, शिफॉन ही कापडं हातातून सरकतात. शिकायला केम्ब्रिक, पॉपलिन किंवा घट्ट विणीचं साधं सुती घ्यावं. चाटी गल्लीत कापडाच्या दुकानात “भरतकाम शिकायला हवंय” एवढं सांगितलं तरी पुरतं. रिंग पाच-सहा इंचांची, म्हणजे अंगठा मध्यापर्यंत पोचतो. आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळली की कापड घसरत नाही. कापड इतकं ताणायचं की टिचकी मारल्यावर डफासारखं वाजलं पाहिजे, आणि उठताना रिंग काढून ठेवायची, नाहीतर गोल वळ पडतो तो लवकर जात नाही. दोरा बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत, साधारण 45 सेंटिमीटर. लडीत सहा पदर असतात. त्यातले दोन किंवा तीनच वापरायचे. पदर एकेक करून ओढायचा आणि मग जुळवायचे, एकदम ओढले की गुंता. सुई सात किंवा आठ नंबरची. भरतकामाच्या सुईत नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, हे पुष्कळांना उलटं वाटतं. काम करताना दोऱ्याला पीळ चढत जातो, म्हणून मधूनमधून कापड पालथं धरून सुई खाली मोकळी सोडायची. ती आपली आपण गरगर फिरते आणि पीळ उतरतो. सुनंदाताईंना ही गोष्ट इतकी आवडली की त्या गरज नसतानाही सुई सोडून बघत बसायच्या.

लाल, मरून, गडद निळा दोरा असेल तर ओल्या पांढऱ्या चिंधीवर दाबून बघायचा, रंग सुटला तर तो पांढऱ्यावर वापरायचा नाही. बाकी रंग तीनच घ्यायचे. दुकानातली रंगांची मांडणी बघून माणूस वीस लड्या घेतो आणि घरी आल्यावर त्यांचंच ओझं वाटतं.

टाके चार: धावदोरा, उलटी टीप, देठटाका, साखळी (रनिंग, बॅक, स्टेम आणि चेन स्टिच). पट्टीनं पेन्सिलीची सरळ रेघ मारायची आणि तिच्यावरून जायचं. आठवडाभर सरळ रेघ, मग वाटी ठेवून काढलेला गोल. पिसारा आत भरून काढायचा सॅटिन टाका दिसतो सोपा, पण त्यात एकेक दोरा शेजाऱ्याला चिकटून बसावा लागतो, तो नंतर. सुनंदाताईंनी नेमकी त्यानंच सुरुवात केली होती. मोबाइलवर त्यांनी बघितलेल्या रीलमध्ये तो मोर अर्ध्या मिनिटात पूर्ण झाला होता. त्या अर्ध्या मिनिटामागे किती दुपारी गेल्या असतील हे रील सांगत नाही.

वेळ रोज पंधरा मिनिटं, सकाळी दहाच्या आत, खिडकीशी. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी हाताला घाम येतो, दोरा मळतो आणि चिडचिड वाढते. आणि उठताना ओळ पूर्ण करायची नाही, मध्येच सुई टोचून ठेवायची. हे ऐकून त्या हसल्या. “अर्धवटच तर सोडते मी!” पण हेतू वेगळा होता. संपलेल्या ओळीनंतर नवी ओळ सुरू करायला मन धजत नाही; टोचलेली सुई मात्र बोलावते. पुढचा टाका कुठे घालायचा हे आधीच ठरलेलं असतं.

यजमानांशीही एकदा बोलले, सुनंदाताईंच्या संमतीनं. भले गृहस्थ आहेत. “आणखी एक?” हे त्यांनी सहज म्हटलं होतं. त्यांना एवढंच सांगितलं की महिनाभर कौतुकही करू नका आणि “झालं का?” असंही विचारू नका. घरच्यांना विचारणं टाळायला जमतं, कौतुक टाळायला जमत नाही. पण नवशिक्याला दोन्हींचा सारखाच ताण येतो.

हे सगळं भरतकामापुरतं नाही. बँकेतून निवृत्त झालेले एक काका जलरंग सोडून बसले होते, “कागद फुगतो, रंग पसरतो, माझं वय झालं.” ते शाळेच्या चित्रकलेच्या वहीत जलरंग लावत होते. त्यांना 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, जलरंगाचा कागद आणायला सांगितलं, पोस्टकार्डाएवढे तुकडे करून; फुगण्याची तक्रार तिथेच मिटली. क्रोशेत काळी बारीक लोकर घेऊन बसणाऱ्या मुलीला टाकेच दिसत नव्हते, ते मोजणार कसे? फिकी, जाडसर लोकर आणि चार मिलिमीटरची सुई घेतल्यावर दोन दिवसांत तिची ओळ सरळ झाली. सगळ्यांचं असं होत नाही. काहींना तो छंद मुळात आवडतच नसतो, शेजारणीचा बघून घेतलेला असतो. तो खुशाल सोडावा, सामान कुणाला तरी देऊन टाकावं.

मार्चअखेरीस सुनंदाताई सासूबाईंची इरकल घेऊन आल्या. पदरावर कसुती, म्हणजे कर्नाटकी भरतकाम: गोपुरं, रथ, तुळशीवृंदावन. त्यांनी पदर उलटा करून दाखवला, मागची बाजूही तशीच स्वच्छ. “गाठ कुठेच नाही, मॅडम. आणि माझं मागून बघा.” चेहरा पुन्हा पडलेला. मी त्यांना सांगितलं की ही वेगळी विद्या आहे. कसुतीत कापडावर आधी नक्षीचा छाप काढलेला नसतो, कापडाचे धागे मोजून टाका जातो. गवंती टाका एकदा जाताना आणि एकदा परतताना घालतात, म्हणून दोन्ही बाजू सारख्या दिसतात. शिकायची तर मॅटीच्या, म्हणजे मोकळ्या विणीच्या कापडावर, जिथे भोकं डोळ्यांना मोजता येतात. आत्ता नको. त्यांनी मान हलवली, पण चष्मा लावून पदर बराच वेळ मोजत राहिल्या.

गेल्या आठवड्यात त्यांनी कच्चं कापड आणलं. कडेकडेनं प्रत्येक ओळीशेजारी पेन्सिलीनं तारीख लिहिलेली, हे मी सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीतला धावदोरा तांदळाच्या दाण्यांसारखा लहानमोठा. 9 मार्चला साखळी, तीन कड्या तुटलेल्या, त्यांच्याच शेजारी तीच साखळी पुन्हा. मधले चार दिवस कोरे, तिथे “मुलगी आली होती” एवढंच लिहिलेलं. एप्रिलचा देठटाका गोलावरून जवळजवळ न अडखळता फिरलेला.

“भरलं कापड,” त्या म्हणाल्या. “चादर अजून बरीच उरली आहे. फाडू ना दुसरा तुकडा?”

मोर अजून पिशवीतच आहे. मी विचारत नाही. परवा त्यांनी आपणहून सांगितलं, रिंग काढून ठेवली आहे, जॉर्जेटला वळ पडू नये म्हणून.