जॉन्सन म्हणजे नक्की कोणता जॉन्सन?
अरे नवीन आहेस म्हणून सांगतो, अमेरिकन राजकारणावर वाचताना नुसतं जॉन्सन दिसलं की पुढे पळू नकोस, आधी साल, राज्य आणि पद बघ मगच नोट्स काढ. सगळ्यात जास्त घोळ अँड्र्यू आणि लिंडनचा होतो, कारण दोघंही दक्षिणेतले, दोघंही आधी उपराष्ट्राध्यक्ष, आणि राष्ट्राध्यक्षांची हत्या झाली म्हणून दोघंही त्या खुर्चीत आले, एक लिंकननंतर १८६५ ला, दुसरा केनेडींनंतर १९६३ ला, जन्मसालंसुद्धा १८०८ आणि १९०८!! पण कामं बघ ना. टेनेसीच्या अँड्र्यूने १८६६ चं नागरी हक्क विधेयक व्हेटो केलं म्हणजे नामंजूर केलं, काँग्रेसने म्हणजे अमेरिकन संसदेने तो व्हेटो धुडकावला म्हणून कायदा झाला, आणि टेक्ससच्या लिंडनने १९६४ च्या नागरी हक्क कायद्यावर स्वतः सही केली. हा फरक नीट लक्षात ठेवच, माझ्या मते दोघांना वाचायचं खरं कारण हेच आहे. १८६८ चा महाभियोग अँड्र्यूवर, सिनेटमध्ये एका मताने वाचला तो. हल्लीच्या बातम्यांत माइक जॉन्सन म्हणजे लुइझियानाचा, २०२३ मध्ये संसदेच्या प्रतिनिधीगृहाचा स्पीकर झाला तो, आणि रॉन जॉन्सन विस्कॉन्सिनचा सिनेटर. आणि हो, राष्ट्राध्यक्ष झालेले दोन अ‍ॅडम्स बापलेक होते म्हणून इथेही नातं जोडत बसू नकोस.