लटकते 'चाड' की लोंबते कपटे?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या २००० सालच्या निवडणुकीवरच्या एका मराठी लेखात 'लटकते चाड' असं छापलंय, तर हे चाड म्हणजे 'लाजेची चाड' मधलंच का. नाही हो, अजिबात नाही. तो इंग्रजी चॅड आहे, लिहिणाऱ्याने आहे तसा उचलला आणि मराठीत ती जागा आधीच भरलेली आहे हे त्याच्या ध्यानात आलं नाही. शिवाय पाभरीवरचं चाडं आहेच, ज्यात मूठ धरून बी सोडतात. त्यालाही भोकं असतात म्हणा, पण यावरून कोणी व्युत्पत्ती काढायला बसू नका! इंग्रजी शब्दाचं मूळ अज्ञातच आहे, कोणा चॅडलेस नावाच्या माणसाच्या मशीनवरून आला सांगतात ती रचलेली गोष्ट.

अर्थ साधा आहे. ऑफिसात पंचिंग मशीनने फाईलसाठी भोकं पाडली की खाली जे सांडतं ते चॅड. मला यासाठी 'कपटा' बरा वाटतो. 'टिकली' पण सुचेल पण ती गोल, आणि फ्लोरिडातले (त्या निवडणुकीचा निकाल ज्या राज्यात अडकला होता तिथले) कपटे चौकोनी होते. तिथे बऱ्याच काउंट्यांमध्ये (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांत) मतपत्रिका म्हणजे एक कार्ड, ते यंत्रात सरकवायचं आणि टोचणीने उमेदवाराच्या नंबराचा चौकोन आरपार पाडायचा, मग मोजणीचं मशीन त्या भोकातून उजेड येतो का बघणार. चौकोन पूर्ण सुटला नाही, परत मिटून बसला, की मशीनच्या लेखी मत दिलंच नाही.

आता खरी मजा नावांची आहे. एकाच कोपऱ्याला चिकटलेला तो हँगिंग, म्हणजे लोंबता. दोन कोपऱ्यांना असेल तर झुलता, तीनला असेल तर ट्राय. आणि चारही कोपरे शाबूत पण टोचल्याची खूण आहे, त्याला एक नाव डिंपल्ड, ज्याला आपली 'खळी' तंतोतंत बसते, आणि दुसरं प्रेग्नंट, त्याला मी बिनदिक्कत 'पोटुशी कपटा' म्हणेन. हसू येतं पण अध्यक्षपदाचे उमेदवार बुश आणि गोर यांच्यात फ्लोरिडात शेवटी फरक ५३७ मतांचा राहिला, जवळपास ६० लाख मतांत, त्यामुळे खळी म्हणजे मत की नाही यावर फेरमोजणीत अधिकारी भिंगं घेऊन कार्डं उजेडात धरून बसले होते, आणि एका काउंटीत एक निकष तर दुसरीत दुसरा. सुप्रीम कोर्टाने १२ डिसेंबरला फेरमोजणी थांबवली त्यात हा वेगवेगळ्या निकषांचा मुद्दा होताच.

त्याच लेखात फ्लोरिडातल्याच पाम बीच काउंटीबद्दल 'दुबार मतदान' लिहिलंय तेही चुकलंय. दुबार म्हणजे एकाच माणसाने दोनदा जाऊन मत देणं. तिथे एकाच कार्डावर अध्यक्षपदासाठी दोन भोकं पडली होती, कारण नावं दोन्ही पानांवर आणि भोकांची रांग मध्ये, त्यामुळे डावीकडे गोर दुसऱ्या नंबरला पण भोक तिसरं, आणि दुसरं भोक उजवीकडच्या ब्युकॅनन या दुसऱ्याच उमेदवाराचं. अशी १९ हजारांवर कार्डं गेली. आपल्याकडे शिक्क्याच्या काळात दोन नावांवर शिक्के पडले की जे म्हणायचे तेच लिहा: मत बाद.