अडीच वर्षांच्या शिंगरावर बसायला सुरुवात करावी का?

नका, अजून बसू नका. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणलेलं शिंगरू अडीच वर्षांत उंचीला भरतं, पण हाडं मागेच असतात. पुढच्या गुडघ्याच्या वरचं हाड साधारण अडीच वर्षांपर्यंत वाढतं. पाठीचे मणके पक्के व्हायला साडेपाच-सहा वर्षं लागतात, आणि खोगीर तिथेच बसतं. घाईपायी पाठ गेलेलं देखणं जनावर मला बघवत नाही.

विकणाऱ्याने सांगितलेलं वय सोडा, ओठ उचलून बघा. अडीचच्या सुमारास मधले दुधाचे दात पडून रुंद, पिवळसर दात येतात. साडेतीनला त्यांच्या शेजारचे. तेव्हा हलका स्वार, पंधरा मिनिटं, नुसती चाल. तोवर लगामाची, रिकाम्या खोगिराची सवय लावा. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना कान मागे टाकून पाठ दबवत असेल, तर त्या दिवशी थांबा.