गायक बदलला की खरी परीक्षा

तुमचा प्रश्न असा आहे की स्वीडनचे डान्सबँड, म्हणजे जोडीने नाचायला गाणी वाजवणारे बँड, पन्नास-साठ वर्षं एकाच नावाने वाजवतात, पण मूळचे वादक त्यात जेमतेमच उरतात. मग तो बँड तोच कसा म्हणायचा? माझ्या मते ड्रमर, बास, सॅक्सोफोन कितीही बदलोत, फारसं कोणी मनावर घेत नाही. गायक बदलला की मात्र सगळ्यांची धाकधूक सुरू होते.

वीकिंगार्नाचंच बघा. 1958 मध्ये कार्लस्तादला सुरू झालेला हा बँड. सत्तरच्या दशकात स्तेफान बोर्श गायचा. 1975 पासून त्यांची 'क्रामगुआ लोतर' ही रेकॉर्डमालिका निघू लागली आणि जोरात चालली. अशा ऐन भरात बोर्श बाहेर पडला. 1978 मध्ये त्याच्या जागी क्रिस्तर शोग्रेन आला. खर्जातला आवाज, गाण्यावर एल्व्हिसची छाप. मालिका त्याच नावाने, पुढचा क्रमांक टाकून चालू राहिली! 2004 मध्ये बँड थांबला, तोवर वीकिंगार्ना म्हणजे शोग्रेन असंच समीकरण झालं होतं. म्हणजे लोकांच्या लेखी जो 'अस्सल' गायक, तो बँड सुरू झाल्यावर वीस वर्षांनी आलेला.

स्वेन-इंगवार्स या दुसऱ्या बँडची गोष्ट वेगळी, आणि खरं सांगायचं तर मला तेच जास्त आवडतात. 1956 पासून सगळा डोलारा स्वेन-एरिक माग्नुसनच्या आवाजावर. 2017 मध्ये तो वारला, आणि पुढे त्याचा मुलगा ऑस्कर गाऊ लागला. बापाची गाणी मुलाच्या तोंडून ऐकायला श्रोते तयार झाले, यात रक्ताच्या नात्याचा वाटा मोठा आहे. बाहेरच्या गायकाला एवढी सवलत मिळाली नसती.

वादकांच्या बदलाचं एवढं का वाटत नाही, हे नाचाच्या जागी कळतं. तिथे रिवाज असा की जोडीदाराला विचारायचं, सलग दोन गाणी नाचायची, आभार मानायचे आणि बाजूला व्हायचं. म्हणून बँडही गाणी जोडीने घेतो, दोन्हींची लय साधारण सारखी. पहिलं गाणं संपलं तरी जोड्या जागच्या हलत नाहीत. दुसरं संपलं की फ्लोअर रिकामा होतो आणि नव्या जोड्या येतात. फॉक्सट्रॉट असो वा बुग, जोडीने नाचायच्या या प्रकारांत पावलांना ठेका पक्का लागतो. नवा ड्रमर घाई करायला लागला तर नाचणाऱ्यांना दोन ओळींत कळतं. तो ठेका नीट धरत असेल, तर त्याचं नाव विचारायला कोणी जात नाही.

शिवाय हा धंदा रस्त्यावरचा. शनिवार-रविवार बसमध्ये, रात्री उशिरा सामान भरायचं, घरी लहान मुलं. माणसं कंटाळून सोडतात, त्यात भांडण शोधायला जाऊ नका.

जमलं तर जुलैमध्ये स्वीडनमधल्या मालुंगला डान्सबँड सप्ताहाला जा. मात्र स्टेजसमोर उभं राहू नका, फ्लोअरच्या कडेला थांबा.